ऑपरेटर

गेले पाच शनिवार इथे काहीच आलं नाही, तेव्हा दोन-तीन नेहमीच्या वाचकांनी "बाई, आहेस ना?" अशी चौकशी केली. आहे. कुबरनेटीस नावाच्या प्रकरणात गळ्यापर्यंत बुडाले होते. आज बऱ्याच दिवसांनी फोन सायलेंटवर टाकून नऊ वाजेपर्यंत झोपले, त्यामुळे हात जरा शिवशिवतायत. लेख थोडा टेक्निकल होणार आहे, आधीच सांगते. पण ज्यांचा आयटीशी संबंध फक्त हिंजवडीच्या ट्रॅफिकपुरता आहे त्यांनीही पळून जाऊ नये. यात एक माणूस आहे, तो तुम्हाला आवडेल.

तर मंडळी, आमचा क्लायंट म्हणजे घरपोच औषधं पोहोचवणारी एक कंपनी. नाव सांगत नाही. तुम्ही ॲपवर डॉक्टरांची चिठ्ठी टाकता, फार्मासिस्ट ती तपासतो, गोदामात औषध निघतं, पॅक होतं, डिलिव्हरीवाला निघतो. या प्रत्येक टप्प्यावर एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमला निरोप देत असतो. हे निरोप वाहून नेणारी जी व्यवस्था असते ती यांच्याकडे अपाचे काफ्का. गेली नऊ वर्षं ती महापेच्या एका डेटा सेंटरमधल्या तीन मशीनवर चालू होती. ती उचलून क्लाउडवर, मॅनेज्ड कुबरनेटीस क्लस्टरवर नेऊन बसवायची, हे माझं काम. गाण्यांच्या ॲपमध्ये निरोप हरवला तर एखाद्याला चुकीचं गाणं सुचवलं जातं. इथे निरोप हरवला तर कुणाचं तरी इन्सुलिन येत नाही. फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

काफ्का म्हणजे काय हे मी बाबांना समजावलं ते जसंच्या तसं इथे देते, कारण त्याहून बरं मला जमलेलं नाही. बाबांचं कराडला किराणा दुकान आहे. लहानपणी रात्री दुकान बंद झाल्यावर ते कीर्द लिहायला बसायचे. कीर्दीचा नियम असा की नोंद एकाखाली एक, ज्या क्रमाने व्यवहार झाला त्याच क्रमाने. खाडाखोड नाही. चुकीची नोंद झाली तर ती पुसायची नाही, खाली उलटी नोंद टाकायची. आणि ती वही वाचणारे अनेक. बाबा स्वतः उधारी बघायला वाचायचे, टॅक्सवाले काका महिन्यातून एकदा वाचायचे, आणि आई "या महिन्यात घरी किती नेलंत" हे बघायला वाचायची :) प्रत्येकाची आपापली खूण, मी कुठपर्यंत वाचलं त्याची. एक जण वाचून गेला म्हणून ओळ नाहीशी होत नाही.

काफ्का म्हणजे ही कीर्द. निरोप आला की शेवटी जोडायचा, बस. गोदामाचा प्रोग्रॅम आपल्या खुणेपासून पुढे वाचतो, बिलाचा आपल्या. जुन्या पद्धतीच्या क्यूमध्ये निरोप वाचला की तो गेला, तशी भानगड इथे नाही. वही ठरावीक काळ जपली जाते, तुम्ही काही सांगितलं नाही तर सात दिवस. प्रत्येक विषयाची वेगळी वही, तिला म्हणायचं टॉपिक. आणि वही एकाच मशीनवर ठेवली आणि ते मशीन गेलं तर बोंब, म्हणून प्रत्येक वहीच्या तीन प्रती तीन मशीनवर. एक प्रत मुख्य, तिच्यात लिहायचं. बाकीच्या दोन तिच्यावरून उतरवून घेतात.

बाबा म्हणाले, "मग यात नवीन काय?" खरं सांगायचं तर फारसं काही नाही. लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी हे बनवलं, आणि २०११ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. यातल्या नेहा नारखेडे पुण्याच्या, पीआयसीटीच्या. पुणेकरांनी याचा अभिमान बाळगायला हरकत नाही (तसंही पुणेकरांना निमित्त लागतं कुठे). नाव मात्र फ्रान्झ काफ्काचंच आहे. लिहिण्यासाठी बनवलेली सिस्टिम, म्हणून लेखकाचं नाव, असा क्रेप्स यांचा सरळ हिशेब. काफ्काची पुस्तकं वाचलेल्यांना मात्र या सिस्टिमचे एरर मेसेज वाचताना नावाचा दुसराही अर्थ लागतो.

आता कुबरनेटीस. ग्रीक भाषेत सुकाणू धरणारा. गूगलने २०१४ मध्ये जाहीर केलेला हा प्रकार तुमचे प्रोग्रॅम कोणत्या मशीनवर चालवायचे ते ठरवतो, एखादा पडला तर दुसरीकडे उभा करतो. "मॅनेज्ड" म्हणजे याचा मेंदू क्लाउड कंपनी सांभाळते. मंगल कार्यालय डोळ्यासमोर आणा. हॉल त्यांचा, वीज त्यांची, पाणी त्यांचं, जनरेटर त्यांचा. पण आचारी तुमचा, पाहुणे तुमचे, आणि नवरदेव रुसला तर समजूत तुम्हीच काढायची. "मॅनेज्ड आहे ना, मग आपल्याला काय काम?" असं विचारणाऱ्या प्रत्येक मॅनेजरला मी हे ऐकवते. ॲमेझॉनच्या ईकेएसमध्ये या मेंदूचं भाडं तासाला १० सेंट, म्हणजे महिन्याला साधारण ७३ डॉलर. स्वस्तच आहे. पण कुबरनेटीसच्या वर्षाला तीन नव्या आवृत्त्या येतात आणि जुनीला चिकटून बसलात तर तेच भाडं तासाला ६० सेंट होतं. कार्यालयवालेही रात्री बारानंतर हॉल रिकामा केला नाही तर असंच करतात.

कुबरनेटीसचा मूळ स्वभाव पत्रावळीचा. जेवण झालं, फेकली, नवी घेतली. वेबसाइट चालवणारे प्रोग्रॅम असे असतात, एक मेला की दुसरा उभा, कुणाला कळतही नाही. पण काफ्काचा ब्रोकर (वह्या सांभाळणारा एकेक प्रोग्रॅम) ही पत्रावळ नाही. तो देवघरातला टाक आहे. त्याच्यापाशी डिस्क आहे, डिस्कवर वह्या आहेत, आणि ब्रोकर क्रमांक एकच्या जागी दुसरा कुणीही येऊन चालत नाही. तोच यायला हवा, त्याच डिस्कसकट.

इथेच पहिली गोम आहे. मुंबईत ॲमेझॉनचा क्लाउड २०१६ पासून आहे. त्यात तीन झोन, म्हणजे एकमेकांपासून वेगळी ठेवलेली डेटा सेंटरं. एकात आग लागली, पाणी शिरलं, तरी बाकीची दोन चालू राहावीत म्हणून. आपण तीन ब्रोकर तीन झोनमध्ये ठेवतो. छान. पण ती डिस्क, ईबीएस, ही एका झोनचीच असते. प्रोग्रॅम उडी मारून दुसऱ्या झोनमध्ये जाऊ शकतो, डिस्क नाही. त्यामुळे झोन पडला तर कुबरनेटीस त्या ब्रोकरला दुसरीकडे उभा करायला जातो, आणि डिस्क सापडत नाही म्हणून तो तसाच ताटकळत राहतो. लॉगमध्ये "व्हॉल्यूम नोड ॲफिनिटी कॉन्फ्लिक्ट" अशी ओळ येते. हा बिघाड नव्हे, हे असंच चालतं. उरलेल्या दोन प्रतींवर भागवायचं हाच त्यातला बेत.

दुसरी गोम पैशांची. एका झोनमधून दुसऱ्या झोनमध्ये डेटा गेला की जाणाऱ्या बाजूला जीबीमागे एक सेंट आणि येणाऱ्या बाजूला एक सेंट. ऐकायला किरकोळ. आता हिशेब करा. एक जीबी निरोप लिहिले. लिहिणारा आणि मुख्य प्रत वेगवेगळ्या झोनमध्ये असण्याची शक्यता तीनात दोन, म्हणजे सरासरी ०.६७ जीबी. दोन प्रती उतरवायला २ जीबी. चार वाचणारे, प्रत्येकी ०.६७, म्हणजे २.६७. एकूण ५.३३ जीबी, गुणिले दोन सेंट, साधारण पावणेअकरा सेंट. एका जीबीला! डिसेंबर २०१९ च्या काफ्का २.४ पासून वाचणाऱ्याला "जवळची प्रत वाच" असं सांगता येतं. ते केलं की वाचण्याचे २.६७ जवळजवळ गायब, बिल निम्म्यावर. ही गोष्ट मी क्लायंटला दाखवली त्या दिवशी मला कँटीनमध्ये दोन वडापाव आणि बरंच प्रेम मिळालं. बाबा म्हणाले, "हमाली निम्मी केलीस म्हण की."

असो. आता मूळ मुद्द्यावर येते.

कुबरनेटीसवर काफ्का बसवायचं तर सगळं हाताने करत नाहीत. स्ट्रिम्झी नावाचा एक खुला प्रकल्प आहे, तो वापरतात. त्याच्या मध्यभागी जो प्रोग्रॅम असतो त्याला "ऑपरेटर" म्हणतात. कल्पना कोअरओएस या कंपनीने २०१६ मध्ये मांडली. एखादी गुंतागुंतीची सिस्टिम सांभाळणाऱ्या अनुभवी माणसाच्या डोक्यात जे ज्ञान असतं (कोणतं मशीन आधी बंद करायचं, कशाची वाट बघायची, कधी हात लावायचा नाही) ते प्रोग्रॅममध्ये उतरवायचं. माणूस करतो ते तो प्रोग्रॅम करणार. म्हणून नाव ऑपरेटर.

आणि आमच्या क्लायंटकडे महापेची तीन मशीन नऊ वर्षं सांभाळणारे जे गृहस्थ आहेत, त्यांच्या गळ्यातल्या आयकार्डवर लिहिलंय: सिनियर ऑपरेटर.

त्यांना सगळे काका म्हणतात, अगदी कंपनीचा अठ्ठावीस वर्षांचा सीटीओसुद्धा. वय चौपन्न. कॉन्ट्रॅक्टवर. रोज सकाळी आठला येतात, आधी तिन्ही मशीनच्या डिस्क बघतात, मग चहा. डॅशबोर्डवर विश्वास नाही. एक फुलस्केप वही असते, बारीक अक्षरात भरलेली. मशीन रीस्टार्ट केलं, नोंद. सेटिंग बदललं, नोंद. खाडाखोड नाही. मला पहिल्याच दिवशी बाबा आठवले.

पहिल्या मीटिंगला जी प्रेझेंटेशन दाखवली गेली त्यात शेवटून दुसऱ्या स्लाइडवर "फायदे" होते. त्यात तिसरी ओळ: "ऑपरेटरमुळे ऑपरेशन्सचं मनुष्यबळ लागणार नाही." खोलीत आम्ही नऊ जण होतो, काका धरून. काकांनी वहीत काहीतरी लिहिलं. चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "अगं, हा तुझा ऑपरेटर जेवायला डबा कुठून आणतो?" मी हसले. ते नाही हसले. त्यांची मुलगी बारावीला आहे हे मला नंतर कळलं.

पुढचे दोन महिने मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. कुबरनेटीसचे सगळे प्रकार मी त्यांना दाखवायचे, आणि ते प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचे: "हे परत सुरू होतं तेव्हा काय होतं?" त्यांचं म्हणणं असं की मशीन बंद पडणं हा प्रॉब्लेमच नाही. "बंद पडलेलं मशीन परत उठतं ना, तेव्हा खरी मजा." हे शब्दशः खरं आहे बरं का. कुबरनेटीसच्या लेखी ब्रोकर उठला, उत्तर द्यायला लागला, की तो तयार. पण तो पडलेला असताना बाकीच्या दोघांनी जे लिहिलं ते त्याने अजून उतरवून घेतलेलं नसतं. तेवढ्यात कुबरनेटीसने देखभालीसाठी दुसऱ्या ब्रोकरला खाली पाडलं तर? स्ट्रिम्झीवाल्यांना हे ठाऊक आहे, त्यासाठी ड्रेन क्लीनर नावाचा वेगळा तुकडा आहे. तो पाडण्याचा निर्णय कुबरनेटीसकडून काढून घेतो आणि ऑपरेटरकडे देतो, आणि ऑपरेटर प्रती जुळल्यात का बघून मगच एकेकाला हात लावतो. हे वाचून दाखवलं तेव्हा काका म्हणाले, "चांगलाय तुझा ऑपरेटर. माझ्यासारखाच घाबरट आहे."

दसऱ्याच्या मुहूर्तावर लाइव्ह जायचं असं वर ठरलं होतं. (सॉफ्टवेअरला मुहूर्त लागतो. पॅच मंगळवारी आणि गो-लाइव्ह दसऱ्याला.) मी म्हटलं, आधी एक झोन पाडून बघू. मुद्दाम. टेस्ट ऑर्डरी चालू ठेवायच्या आणि एका झोनमधली सगळी मशीन मारायची. आमच्या बाजूच्या साहेबांना हे अजिबात पटलं नाही. त्यांचं म्हणणं, "कुबरनेटीस सेल्फ-हीलिंग आहे ना? मग टेस्ट कसली करायची?" शिवाय ड्रिल करायचं तर एक आठवडा तयारी, काही सापडलं तर आणखी दोन. दसरा हुकणार. क्लायंटला काय सांगायचं?

इथे जरा अवघड प्रसंग होता. गो-लाइव्हच्या कागदावर टेक्निकल सही माझी लागत होती. माझा अप्रेझल याच साहेबांच्या हातात आहे, आणि पुण्यात फ्लॅटचा हप्ता आहे. मी दोन दिवस मेल ड्राफ्टमध्ये ठेवली. तिसऱ्या दिवशी पाठवली. चार ओळींची होती: झोन पाडल्यावर सगळे टॉपिक चालू राहतात हे बघितल्याशिवाय मी सही करणार नाही, दुसऱ्या कुणी केली तर माझी हरकत नाही. सीसीमध्ये क्लायंटचा सीटीओ. दुपारी मीटिंग लागली. बराच वेळ आवाज चढे होते. काकांना कुणी विचारलं नव्हतं, तरी ते बोलले. "औषधाची कंपनी आहे. करून बघू दे तिला." एवढंच. सीटीओने दसरा रद्द केला.

ड्रिल शनिवारी रात्री. मी, काका, क्लायंटचे दोन डेव्हलपर, आणि पिझ्झा. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मी मधल्या झोनमधली मशीन मारली आणि त्या झोनमध्ये नवी येऊ नयेत अशी सोय केली. काही सेकंद आलेख खाली झुकला, मग सरळ झाला. त्या ब्रोकरकडच्या वह्यांची मुख्य जागा बाकीच्या दोघांनी घेतली. मारलेला ब्रोकर डिस्कसाठी ताटकळत बसला, अपेक्षेप्रमाणे. डेव्हलपर टाळ्या वाजवायला लागले. मला घाम फुटलेला तो जरा कमी झाला.

काका पडद्याकडे बघत नव्हते. घड्याळाकडे बघत होते. "दोन मिनिटं थांब," म्हणाले.

दोन मिनिटांनी एका प्रोग्रॅमने लाल व्हायला सुरुवात केली. दोनच मिनिटं का, तर काफ्काला लिहिणारा प्रोग्रॅम निरोप पोहोचला नाही तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, आणि न सांगता ठरलेली त्याची मुदत दोन मिनिटांची असते. ती संपली की तो एरर देतो. या प्रोग्रॅमने ती एरर घेतली, लॉगमध्ये लिहिली आणि पुढच्या ऑर्डरकडे वळला. म्हणजे निरोप गेला. कायमचा.

हा प्रोग्रॅम कोणता? थंड पेटीतून पाठवायच्या औषधांचा. लसी, काही इंजेक्शनं, आणि इन्सुलिन. दोन ते आठ अंश तापमानात ठेवायची ती सगळी. न उघडलेली इन्सुलिनची बाटली घरी फ्रिजच्या दारात पाहिली असेल तुम्ही, माझ्या आजीकडे असते.

टॉपिकची माहिती काढली. प्रती: एक. तीन नाही, एक. आणि ती नेमकी पाडलेल्या झोनमध्ये.

हे कसं झालं ते शोधायला पहाट झाली. तो प्रोग्रॅम सुरू होताना आपला टॉपिक नसेल तर स्वतःच बनवतो. कुणीतरी कधीकाळी आपल्या लॅपटॉपवर चालावं म्हणून कोडमध्ये प्रती "१" असं ठोकून लिहिलेलं, आणि निरोप पोहोचल्याची पावती फक्त मुख्य प्रतीकडून घ्यायची असंही. लॅपटॉपवर एकच ब्रोकर, तिथे दुसरं काय लिहिणार. नव्या क्लस्टरवर तो प्रोग्रॅम चाचणीसाठी सगळ्यात आधी उठला आणि त्याने टॉपिक बनवून टाकला. नंतर जुन्याकडून नव्याकडे वह्या उतरवणारं मिररमेकर आलं. त्याने बघितलं, या नावाचा टॉपिक आहे, ठीक. ते नसलेला टॉपिक बनवतं, असलेल्याच्या प्रती वाढवत नाही. आणि ऑपरेटर? स्ट्रिम्झीचा ऑपरेटर त्याला याम्लमध्ये लिहून दिलेले टॉपिक सांभाळतो. कोडने परस्पर बनवलेला टॉपिक त्याच्या यादीतच नसतो. तो त्याच्याकडे बघतही नाही.

मग महापेला इतकी वर्षं काहीच कसं झालं नाही? हा प्रश्न डेव्हलपरने विचारला तेव्हा काका पिशवीतून वही काढत होते. आजची नाही, जुनी, निळ्या पुठ्ठ्याची. पानं उलटली. १४ ऑगस्ट २०२१ ची नोंद, मी फोटो काढून ठेवलाय: "२ नंबरची डिस्क गेली. कोल्ड टॉपिकची १ च कॉपी होती. डिस्क परत आणली. ३ कॉपी केल्या. कोडवाल्यांना सांगितलं." पुढे कंसात, "पुन्हा सांगितलं", तारीख सप्टेंबरची. कोडवाले तोपर्यंत कंपनी सोडून गेले असणार. काकांनी हाताने केलेली दुरुस्ती चार वर्षं जुन्या मशीनवर चालू राहिली, कारण तिथे तो टॉपिक पुन्हा कधी बनवलाच गेला नाही.

झोन परत सुरू केला. डिस्क लागली, ब्रोकर उठला, वही शाबूत होती. त्या एकोणीस मिनिटांत लिहायला निघालेल्या टेस्ट ऑर्डरी तेवढ्या नव्हत्या. टेस्ट ऑर्डरी होत्या म्हणून आम्ही सकाळी सहाला अमृततुल्यमध्ये बसून क्रीमरोल खाऊ शकलो. तीन प्रती करायची कमांड काकांनी स्वतः टाइप केली, दोन बोटांनी, प्रत्येक अक्षर वाचून. मी मध्ये बोलले नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे कशात गेले सांगू? वह्या वाचण्यात. नऊ वर्षांच्या तीन फुलस्केप वह्या. मी आणि काका एकेक नोंद वाचायचो आणि प्रत्येकीला विचारायचो: हे नव्या ऑपरेटरला माहीत आहे का? बऱ्याच नोंदी निकालात निघाल्या. जवळजवळ एक अख्खी वही झूकीपरच्या दुखण्यांची होती. काफ्काच्या शेजारी ब्रोकरांची हजेरी ठेवायला झूकीपर नावाचा वेगळा प्रोग्रॅम लागायचा, मार्च २०२५ च्या काफ्का ४.० पासून तो कायमचा गेला. काकांनी ती वही बंद करून बाजूला ठेवली तेव्हा "गेला एकदाचा" असं म्हणाले, पण आवाजात आनंद नव्हता. भांडखोर शेजारी घर सोडून गेल्यावर वाटतं तसं काहीतरी.

काही नोंदी ऑपरेटर आधीच करत होता. काही आम्ही याम्लमध्ये उतरवल्या: सगळे टॉपिक याम्लमधूनच बनणार, प्रोग्रॅमांकडून टॉपिक बनवायचा अधिकार काढून घेतला, जिथे जिथे औषध आहे तिथे पावती तिन्ही प्रतींचा विचार करून, किमान दोन जुळलेल्या असतील तरच. आणि अकरा नोंदी उरल्या ज्या कुठेच बसत नाहीत. उदाहरणार्थ, "महिन्याच्या १ तारखेला पेन्शनवाल्यांच्या ऑर्डरी, सकाळी १० च्या आत काही हात लावू नये." ही याम्लमध्ये कुठे लिहिणार? अलार्मच्या कॅलेंडरमध्ये टाकली. काकांना ते फारसं पटलेलं नाही.

लाइव्ह गेलो दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी. कंटाळवाणी रात्र होती, देवाची कृपा. महापेची मशीन आणखी पंधरा दिवस गरम ठेवली, मग काकांनी एकेक बंद केली, तीन, दोन, एक अशा क्रमाने. वहीत नोंद केली.

ती तिसरी ओळ, मनुष्यबळाची, नव्या प्रेझेंटेशनमध्ये नाहीये. मी काढायला सांगितली होती. साहेबांनी काढली, पण माझ्याशी ते अजून कामापुरतंच बोलतात, आणि अप्रेझल जानेवारीत आहे. काकांचं कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत वाढलंय. मार्चनंतरचं सीटीओ काही बोलत नाही. मी दोनदा विचारलं, "बघू" म्हणाला. काकांनी तेवढ्यात क्लस्टरचा ॲक्सेस मागून घेतला. आता सकाळी आठला येतात, चहाच्या आधी पॉडची यादी बघतात, प्रत्येक पॉडपुढे किती वेळा रीस्टार्ट झाला तो आकडा असतो ना, तो वहीत लिहून घेतात. मी म्हटलं, काका, हे सगळं डॅशबोर्डवर साठतं. "साठू दे की," म्हणाले.

पुढचं ड्रिल डिसेंबरात आहे. कोणता झोन पाडायचा ते काका ठरवणार आहेत, आणि मला आधी सांगणार नाहीत.